तीन मेमो आणि पिवळट भिंती

"मला एका माणसाला कामावरून काढायचंय." मालकीणबाई जिना चढता चढताच बोलायला लागल्या, खुर्चीपर्यंत पोचायचाही धीर नव्हता त्यांना. "सगळं रीतसर केलंय. तीन मेमो दिले, सुधारायला दोन महिने दिले. आज पाच वाजता त्याची बाजू ऐकायची आणि मग निकाल. आणि गेले आठ दिवस माझा डोळ्याला डोळा लागलेला नाही."

शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या, तिथे ताईंचं कार्यालय. ताई म्हणजे खाजगी तपासनीस. आवाज हळू, नजर सुईसारखी. दाराशी स्टुलावर बसलेले मास्तर म्हणजे त्यांचे यजमान. तीस वर्षं शाळेत कवायत शिकवली, आणि निवृत्तीनंतर बायकोच्या हाताखाली बढती मिळाली असं ते स्वतःच सगळ्यांना सांगायचे.

"माणूस तुमचा, दुकान तुमचं," ताई म्हणाल्या. "मग माझ्याकडे का आलात?"

"कारण बावीस वर्षं ज्याचा रंग एकदा चुकला नाही, त्याचा तीन महिन्यांत अकरा वेळा चुकला. म्हातारपण असं तारीख ठरवून येतं का हो?"

बाईंचं रंगाचं दुकान होतं. गिऱ्हाइकानं जुन्या भिंतीचा टवका आणायचा आणि उस्तादानं हातानं रंग मिसळून तंतोतंत तसाच करून द्यायचा, हीच दुकानाची ख्याती. आणि आता काढायचं होतं ते उस्तादालाच.

"कायद्यात मी कुठे चुकत नाही," बाई म्हणाल्या. "पण माणसात चुकत असेन तर मला पाचच्या आत कळायला हवं. एकदा निकाल लिहिला की तो माणूस या वयात जाणार कुठे?"

मास्तरांनी घड्याळाकडे पाहिलं. पाऊण वाजला होता.

"अहो, वही घ्या," ताई म्हणाल्या आणि चपला घालूनसुद्धा मोकळ्या झाल्या.

दुकानात शिरताच समोर एक नमुन्याची भिंत होती. गिऱ्हाइकाला घर कसं दिसेल ते कळावं म्हणून सजवलेली, वर सहा दिवे ओळीनं. पाच दिव्यांखाली भिंत अशी उबदार, की बघूनच खुर्ची टाकून बसावंसं वाटावं. सहाव्याखाली मात्र ती दवाखान्यासारखी पांढरीफटक.

"बघताय ना?" काउंटरमागून बाईंचे दीर म्हणाले. सगळे त्यांना भाऊजीच म्हणायचे. "तीन महिने झाले, वहिनींच्या मागे लागलोय, एक दिवा बदलून द्या म्हणून. सगळी शोभा घालवली मेल्यानं. पण इथे माझं ऐकतंय कोण? उस्तादाचं प्रकरण मिटू दे, मग बघू म्हणतात."

"आणि उस्ताद गेला तर?" ताईंनी विचारलं.

"तर मशीन येईल. बटण दाबा, रंग घ्या. मी लपवत नाही, मला मशीनच हवंय. त्याला काढायचं पत्रसुद्धा मी टाईप करून ठेवलं होतं, पण आमच्या फाईलकाकांनी टराटरा फाडलं."

मास्तरांनी वहीत 'भाऊजी' लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. त्यांच्या मते तपास इथेच संपला होता. मग ते उगाचच दुकानात येरझाऱ्या घालायला लागले.

फाईलकाका आतल्या कचेरीत, लोखंडी कपाटाला पाठ टेकून बसले होते. आयुष्यभर मोठ्या कारखान्यात नोकरभरती आणि नोकरकपात दोन्हीची कागदपत्रं सांभाळलेला माणूस. बोलणंसुद्धा कलम लावल्यासारखं.

"आधी निकाल टाईप करायचा आणि मग बाजू ऐकायची, ही काय पद्धत झाली?" काका म्हणाले. "फाडणारच मी. हे बघा. पहिला मेमो, दुसरा, तिसरा. काय चुकलं, किती चुकलं, कधीपर्यंत सुधारायचं, सगळं लिहिलंय. आणि प्रत्येकाच्या खाली माझा ठरलेला प्रश्न: कामाच्या जागेत, साधनांत काही अडचण आहे का? तिन्ही वेळा उत्तर एकच: काही अडचण नाही."

ताईंनी मेमो उलटेपालटे केले. "पहिला आणि तिसरा पिवळ्या कागदावर, दुसरा पांढऱ्यावर का?"

काका कपाळावर हात मारून हसले. "ती एक गंमतच आहे. पांढरी मूळ प्रत माणसाला द्यायची, पिवळीवर सही घेऊन ती फाईलला लावायची. मी दोन्ही त्याच्या टेबलावर ठेवल्या, कोणती कोणाची ते सांगितलं आणि दाराशी उभा राहिलो. तर हा पठ्ठ्या पांढरीवर सही करून मला देतो आणि पिवळी खणात टाकतो. रंगाचा उस्ताद, आणि कागदाचा रंग कळेना. मी त्या गडबडीत तशीच फाईलला लावली. भाऊजींनी ती गोष्ट अख्ख्या दुकानाला सांगितली."

"तक्रारींची यादी?"

काकांनी यादी पुढे केली. ताईंनी वाचली आणि मास्तरांकडे दिली. मोतिया, हस्तिदंती, साय, फिकट करडा, परत साय. अकराच्या अकरा फिके रंग, आणि प्रत्येकापुढे गिऱ्हाइकाचे शब्द तेच: पिवळट झालाय.

"यात एकही गडद रंग नाही?"

"एकही नाही. गडद हिरवा, विटकरी, निळा, सगळे चोख. म्हणून तर महिन्याभरापासून बाईंनी फिके रंग ढवळीकडे दिलेत. ती त्यांची मदतनीस. तिची एकही तक्रार नाही."

"ढवळी?"

"आठ वर्षं डबे ढवळतेय, म्हणून ढवळी. उस्तादानं रंगाला हात लावू दिला नव्हता तिला तोवर."

रंग मिसळायची खोली मागे होती. खिडकी नाही, कारण बाहेरची धूळ ओल्या नमुन्यावर बसते. टेबलावर एकच दिवा लोंबकळत होता, त्याच्या काचेच्या गोळ्यावर वर्षानुवर्षांचे रंगाचे शिंतोडे. उस्ताद पाठ ताठ ठेवून बसलेला, नखं रंगलेली. पण टेबल असं स्वच्छ, की त्यावर जेवावं.

"काढायला आलात का वाचवायला?" त्यानं विचारलं.

"बघायला आलेय," ताई म्हणाल्या.

"बघा. मी बघूनच दमलोय." तो हसला, पण हसू ओठांच्या पुढे गेलं नाही. "तीन महिन्यांपूर्वी मी लेकीकडे गेलो होतो, बाळंतपणाला. बावीस वर्षांतली पहिली आठ दिवसांची रजा. परत आलो आणि जणू कोणी हातातली कला काढून घेतली. फिक्या रंगात थेंबभर पिवळा टाकायचा असतो. टाकतो, दिसत नाही. आणखी एक टाकतो. मग कुठे नमुन्याशी जुळल्यासारखं वाटतं. गिऱ्हाईक घरी लावतं आणि दुसऱ्या दिवशी डबा आपटायला येतं."

"मग मेमोवर 'काही अडचण नाही' असं का लिहिलंत?"

उस्तादानं रंगलेलं नख खरवडलं. मग म्हणाला, "रंगाच्या माणसाची अडचण एकच असते, बाई. ती लिहून द्यायची म्हणजे स्वतःच राजीनामा लिहायचा."

मास्तरांना एकदम वाईट वाटलं. त्यांनी भाऊजींच्या नावावर काट मारली आणि लिहिलं, 'डोळे गेले.' शाळेत एका पंचाचं असंच झालं होतं.

"आणि तुमची ढवळी कशी आहे कामाला?"

"हुशार आहे. माझ्यापेक्षा जास्त असेल, पण पोरीला सांगू नका, चढेल. फक्त आता तिचा माझ्या डोळ्यावर भरवसा उरला नाही. पूर्वी इथेच माझ्या शेजारी उभी राहून नमुना बघायची. मी रजेवरून आलो तेव्हापासून प्रत्येक नमुना घेऊन अंगणात पळते."

ताईंनी दुसऱ्या मेमोची खणातली प्रत मागून घेतली. बाहेरून आणलेली फाईलमधली प्रत तिच्याशेजारी टेबलावर ठेवून थोडा वेळ दोन्ही वाचल्या. मग मान न वळवताच म्हणाल्या, "अहो, यातली पांढरी इथे उस्तादांकडे राहू द्या आणि पिवळी काकांना नेऊन द्या. एकदाचं फाईलचं दुखणं मिटू दे."

मास्तरांनी वरचा कागद उचलला आणि लगबगीनं कचेरीत गेले. काकांनी कागद पाहिला, मग मास्तरांकडे पाहिलं. "अहो, ही पांढरीच आणलीत की परत. तुम्हालापण झालं का काही?"

मास्तर कानापर्यंत लाल झाले. परत जाऊन प्रत बदलून आणली आणि ताईंना काही बोलले नाहीत. चाळीस वर्षांच्या संसारात चेष्टेला कारण आयतं कुणी देतं का?

अंगणात ढवळी उभी होती. वय तिशीचं, बाह्या वर खोचलेल्या, हातभर लांब धरलेलं नमुन्याचं कार्ड, एक डोळा बारीक केलेला. पाठीमागे दुकानाच्या मागच्या दारातून भाऊजींचा आवाज आला, "आली का बाहेर? दिवसातून वीसदा. रस्त्यावर कोणीतरी उभा असणार, मी सांगतो."

"त्यांचं लक्ष गिऱ्हाइकाकडे असतं तर मशीन लागलंच नसतं," ढवळी कार्डावरची नजर न हलवता म्हणाली.

ताई हसल्या. "बाहेर का येतेस गं?"

"आत कोंडतं. वास डोक्यात जातो. वारा खायला येते."

"आठ वर्षं कोंडत नव्हतं?"

"आता जास्त कोंडतं." तिनं कार्ड खाली केलं. "आज खरंच काढणार का हो त्यांना?"

"तुला काय वाटतं?"

"मला काय वाटायचंय. मी ढवळणारी." एवढं म्हणून ती आत गेली, आणि जाताना दाराच्या चौकटीला खांदा आपटून गेली, जणू आठ वर्षांचा दरवाजा तिला आज नवा होता.

साडेचार झाले. मास्तरांनी वही मिटली. "अगं, निघायचं का? म्हाताऱ्याचे डोळे गेलेत, दुसरं काय. चांगल्या शब्दांत सांगू बाईंना."

"अहो, तुम्ही मघाशी पांढरा कागद का नेलात?"

"चुकून."

"काकांनी कोणता नेला होता?"

"पांढरा. पण तो उस्तादानं दिला म्हणून."

"दोन माणसं, दोन वेळा, एकच खोली, एकच चूक," ताई म्हणाल्या. "आणि डोळे फक्त एकाचेच गेलेत म्हणता?"

मास्तरांनी वही उघडली आणि 'डोळे गेले'वर काट मारली.

पाचला सगळे कचेरीत जमले. काकांनी कोरा कागद पुढे ओढला, तारीख घातली. उस्ताद खुर्चीच्या टोकावर. भाऊजी दाराला टेकलेले. ढवळी भिंतीशी, हाताची घडी. बाई एकदा पेन उघडत होत्या, एकदा बंद करत होत्या.

"सुनावणी पाच मिनिटं पुढे ढकला आणि माझ्या मागून या," ताई म्हणाल्या. "अहो, तुम्ही मात्र आधी पुढच्या भिंतीवरचा तो सहावा दिवा काढून आणा. पांढरा."

मास्तर कवायतीच्या चालीनं गेले आणि फडक्यात गुंडाळून दिवा घेऊन आले. तेवढ्यात सगळे रंगाच्या खोलीत दाटीवाटीनं उभे राहिले होते. ताईंनी टेबलावर उस्तादानं काल स्वतःचाच हात तपासायला केलेलं कार्ड आणि गिऱ्हाइकानं आणलेला भिंतीचा टवका शेजारीशेजारी ठेवले.

"जुळतंय?"

"जुळतंय," उस्ताद म्हणाला. भाऊजींनीही मान हलवली.

बटण बंद झालं. अंधारात मास्तर स्टुलावर चढले, गोळा काढला, आतला दिवा काढला, आणलेला पांढरा फिरवून बसवला. बटण लागलं.

टवका सायीसारखा पांढरा होता आणि कार्ड लोणच्याचं तेल सांडल्यासारखं पिवळं.

उस्ताद टेबलावर वाकला. "हे मी केलं?"

"या खोलीनं केलं," ताई म्हणाल्या. "पिवळ्या उजेडात पांढरा आणि फिका पिवळा सारखेच दिसतात. पांढरी आणि पिवळी प्रत माझ्या नवऱ्यालाही ओळखता आली नाही, आणि दारात उभ्या राहिलेल्या काकांनाही नाही. उस्ताद, तुम्हाला पिवळा दिसत नव्हता म्हणून तुम्ही थेंबावर थेंब टाकत गेलात. म्हणून अकराच्या अकरा तक्रारी पिवळटपणाच्या, आणि म्हणूनच गडद रंगाची एकही नाही. आठ दिवस बाहेर राहून आलात, वर या गोळ्यावर शिंतोड्यांचा थर. डोळा सरावतो. उजेड बदलल्याचं कळलंच नाही."

"म्हणजे माझे डोळे..."

"शाबूत आहेत."

उस्तादानं तळहातांनी दोन्ही डोळे झाकून घेतले. "दोनदा डॉक्टरच्या दारापर्यंत जाऊन परत आलो," तो हातांच्या आडूनच म्हणाला. "आत जायची हिंमत झाली नाही."

"पण दिवा बदलला कोणी?" बाईंचा आवाज चढला. "भाऊजी?"

"वहिनी, मी?"

"भाऊजी नाहीत," ताई म्हणाल्या. "दिवा विकत आणलेला नाही, अदलाबदल झालेली आहे. इथला पांढरा नमुन्याच्या भिंतीवर गेला, तिथला उबदार इथे आला. म्हणजे काम घरातल्याच माणसाचं, आणि तेही उस्ताद रजेवर असताना. पण ज्यानं अदलाबदल केली, तो तीन महिने 'तो सहावा दिवा बदला' म्हणून बोंबलत फिरेल का? भाऊजींनी तर मला दारातच तो दाखवला."

भाऊजींना आपण निर्दोष ठरल्याचा आनंद झाला की अपमान, ते त्यांनाच कळेना.

"काका?" मास्तरांनी हळूच सुचवलं.

"काकांनी तीन वेळा लेखी विचारलं, साधनांत काही अडचण आहे का? ज्यानं साधन बिघडवलंय तो हा प्रश्न स्वतः कशाला विचारेल? उस्तादांनी एकदा जरी 'हो' लिहिलं असतं तर दुसऱ्या दिवशी दिवा तपासला गेला असता. बाईंनी केलं असतं तर त्या माझा जिना चढल्या नसत्या. मग राहिलं कोण?"

मास्तरांची पेन्सिल थांबली.

"महिनाभर याच खोलीत, याच दिव्याखाली दुसऱ्या कोणीतरी फिके रंग केले आणि एकही चुकला नाही," ताई म्हणाल्या. "कारण ते माणूस प्रत्येक नमुना उन्हात नेऊन बघत होतं. उस्ताद रजेवरून आले त्या दिवसापासून. आधी आठ वर्षं नव्हतं नेत. ढवळी, तुला उजेड खोटा आहे हे योगायोगानं कळलं असतं, तर तू पहिल्या मिनिटाला उस्तादांना सांगितलं असतंस. आणि मी विचारलं तेव्हा वाऱ्याचं निमित्त केलं नसतंस. वारा खाणारं माणूस कार्डाकडे एक डोळा मिटून बघत नाही."

ढवळीनं घडी सोडली. हात कुठे ठेवावेत ते तिला सुचेना.

"दोन तक्रारी येतील वाटलं होतं," ती म्हणाली. "दोनच. मग बाई म्हणतील, दोन डबे हिच्याकडे द्या. आठ वर्षं मी विचारतेय, उस्ताद, एक रंग मला करू द्या. आठ वर्षं ते म्हणतायत, ढवळ. मेमो निघतील हे मला कुठे माहीत होतं. पहिला निघाला तेव्हा सांगायला हवं होतं. दुसरा निघाला तेव्हा सांगणं आणखी अवघड झालं. तिसऱ्याला तर..."

"चालती हो," बाई म्हणाल्या. त्यांनी दाराकडे बोट केलं. "आत्ताच्या आत्ता. सामान घे आणि निघ. मी त्यांचं पत्र लिहायला बसले होते, माझ्या हातून तू ते पाप..."

"बाई," फाईलकाका म्हणाले.

"काका, तुम्ही मध्ये पडू नका."

"पडणारच. त्यासाठीच तर पगार घेतो." काकांनी पॅड काढलं, नवीन कार्बन घातला. "उस्तादांवरचे तिन्ही मेमो मागे, तसं आजच लेखी देऊ. आणि हिच्यावर आरोपपत्र. काय केलं, कधी केलं. उत्तराला मुदत. मग चौकशी. मग निकाल. चुकलेल्याला काढताना एक कायदा आणि फसवणाऱ्याला काढताना दुसरा, असं नसतं. रागाच्या भरात आज काढलंत तर उद्या तीच तुम्हाला कोर्टात उभं करेल, आणि बरोबर करेल."

बाईंनी ताईंकडे पाहिलं. ताईंनी खुर्ची पुढे सरकवली. बाई खुर्चीत बसल्या. "लिहा," त्या म्हणाल्या.

काकांचं पेन करकरत निघालं. अर्धं पान झाल्यावर ते थांबले. "चौकशीत तुझ्या बाजूला बसायला एक सहकारी निवडता येतो तुला. कोणाचं नाव घालू?"

ढवळीनं एकदा भाऊजींकडे पाहिलं, एकदा जमिनीकडे. "कोणी नाही."

"माझं घाला," उस्ताद म्हणाला.

मास्तरांना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. काकांनी चष्म्यावरून बघितलं. "अहो, तुमच्याच विरुद्ध केलंय तिनं. तुम्ही तिची बाजू मांडणार?"

"बाजू नाही मांडणार. केलं ते केलं, त्याचं तिनं भोगावं." उस्तादानं टेबलावरचं ढवळीचं मघाचं कार्ड उचललं, नव्या उजेडात धरलं, टवक्याशी लावलं आणि खूप वेळ तसंच धरून ठेवलं. "चौकशीत मला विचारतील ना, हिचं काम कसं होतं? तेवढंच सांगेन."

"काय सांगाल?" ढवळीनं विचारलं.

त्यानं कार्ड तिच्या हातात दिलं.

"बरोबर होतं," तो म्हणाला.